उसाचा काटा तपासतो, मग नत्राचा का नाही?



गळीत हंगामात उसाची गाडी काट्यावर चढली की आपल्या सर्वांची नजर कुठे असते, हे सांगायला नको. शंका आली तर आपण वजने टाकून काटा बघू म्हणतो, वैधमापन खात्याचा शिक्का कधीचा आहे ते विचारतो, भरारी पथक आले की त्याच्याबरोबर उभे राहतो. आणि ते बरोबरच आहे. घामाचा माल आहे, किलोकिलोचा हिशोब पाहिजेच.

पण त्याच उसाला किती नत्र द्यायचे हे ज्या कागदावरून ठरते, त्या माती परीक्षणाच्या अहवालावरचा आकडा मात्र आपण देवाचा शब्द असल्यासारखा घेतो, किंवा घडी करून खांबाला टोचून ठेवतो. तो आकडा कोणत्या काट्यावर मोजला, त्या काट्याला कोणी वजन लावून पाहिले होते काय, हे विचारणारा सभासद मला अजून भेटायचा आहे. या लेखात मला तेच विचारायचे आहे. आपल्या कारखान्याने या बाबतीत काय करावे याबद्दल माझे ठाम मत आहे, तेही मांडतो.

आपला राळेगाव तालुका मूळचा कापसाचा. इथला ऊस म्हणजे विहिरीच्या किंवा बेंबळ्याच्या कालव्याच्या पाण्यावर वावराच्या एका तुकड्यात उभा असलेला. काळी, चुनखडीची, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी जमीन. सेंद्रिय कर्ब कमी, म्हणून नत्रही कमी. त्यामुळे कुणाचीही मृद आरोग्य पत्रिका उघडा, नत्रापुढे बहुतेक वेळा ‘कमी’ असेच लिहिलेले सापडते. शेजाऱ्याचे कमी, आपले कमी, ज्याने मागच्या वर्षी एकरी दहा बॅगा युरिया ओतला त्याचेही कमी. मग माणूस म्हणतो, कागद कशाला पाहिजे, हे तर आम्हाला न पाहताच माहीत होतं!

मागे एका सभासदाने एकाच वावराची माती दोन पिशव्यांत भरून दोन ठिकाणी दिली. एका कागदावर नत्र ‘कमी’ आले, दुसऱ्यावर ‘मध्यम’. दोन्ही कागद माझ्या टेबलावर ठेवून म्हणतात, “सायेब, आता यातला कोनता खरा मानावं जी?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी नत्र मोजतात कसे ते समजून घ्यावे लागेल. थोडे रसायनशास्त्र येईल, पण आपल्याकडे घरोघरी बारावी सायन्सची पोरे आहेत, जड जाणार नाही.

नत्र मोजण्याची मूळ रीत योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काढली. ही प्रयोगशाळा कोणाची? बिअरच्या कारखान्याची! त्यांना बार्लीच्या दाण्यातले प्रथिन मोजायचे होते, कारण त्यावर माल चांगला की वाईट हे ठरे. म्हणजे शेतकऱ्याचा माल पारखायला कारखान्याने काढलेली ही पद्धत आहे. तीव्र गंधकाम्लात पदार्थ उकळायचा, त्यातले नत्र अमोनियाच्या रूपात आणायचे, तो अमोनिया वाफेबरोबर बाहेर काढून आम्लात पकडायचा आणि मोजायचा. यात जमिनीतले जवळजवळ सगळे नत्र मोजले जाते. पण सगळे नत्र पिकाला मिळत नाही, बरेचसे सेंद्रिय पदार्थात अडकलेले असते. म्हणून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या सुब्बय्या आणि असिजा यांनी १९५६ साली सोपी रीत सुचवली. ठराविक वजनाची माती, समजा २० ग्रॅम, काचेच्या चंबूत घ्यायची. त्यावर पोटॅशियम परमँगनेटचे आणि कॉस्टिक सोड्याचे द्रावण टाकून उकळायचे. सहज सुटू शकणारे तेवढे नत्र अमोनिया होऊन बाहेर येते. ते बोरिक आम्लात पकडले की गुलाबी द्रावण हिरवे होते. मग ब्युरेटमधून सौम्य गंधकाम्ल थेंबथेंब सोडायचे आणि हिरव्याचे परत गुलाबी झाले की थांबायचे. किती मिलिलिटर आम्ल लागले, त्यावरून हेक्टरी किती किलो ‘उपलब्ध नत्र’ ते ठरते. आजही आपल्या देशातल्या माती प्रयोगशाळांत उपलब्ध नत्रासाठी मुख्यतः हीच पद्धत आहे.

आता हिशोब बघा. ०.०२ नॉर्मल तीव्रतेचे आम्ल असेल तर एक मिलिलिटर म्हणजे ०.२८ मिलिग्रॅम नत्र. माती २० ग्रॅम घेतली असेल तर तो एक मिलिलिटर वावरात हेक्टरी ३१ किलो नत्र होतो. काही प्रयोगशाळा सोयीसाठी ५ ग्रॅमच माती घेतात. मग तोच एक मिलिलिटर हेक्टरी १२५ किलो होतो! एका मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब. म्हणजे ५ ग्रॅमच्या हिशोबात प्रत्येक थेंबाला हेक्टरी सहा किलोवर नत्र लटकलेले आहे.

समजा, खरा आकडा हेक्टरी २६३ किलो आहे. २८० च्या आत म्हणून ‘कमी’. परीक्षकाने सहा थेंब जास्त सोडले, किंवा त्याच्या डोळ्याला गुलाबी रंग उशिरा दिसला, की तो आकडा ३०० होतो. २८० च्या वर म्हणून ‘मध्यम’. सुरू उसाला सर्वसाधारण शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकरी १०० किलो. नत्र ‘कमी’ असेल तर त्यात पाव हिस्सा वाढवायचा, म्हणजे एकरी १२५ किलो. फरक एकरी २५ किलो नत्राचा. युरियात धरला तर ५४ किलो, ४५ किलोची एक बॅग आणि वर नऊ किलो. हे सगळे सहा थेंबांनी झाले. त्या सभासदाच्या दोन कागदांतला फरक असाच कुठेतरी जन्मलेला असणार. दोघांपैकी कोणी लबाडी केली असे मी म्हणत नाही.

थेंब ही एकच वाट नाही. रबरी बुच सैल असेल तर अमोनिया हवेत जातो, आकडा कमी येतो. ऊर्ध्वपातित पाण्यातच अमोनिया असेल, किंवा त्याच खोलीत कोणी अमोनियाची बाटली उघडी ठेवली असेल, तर आकडा जास्त येतो. उकळण्याचा वेळही नेमका पाहिजे. परमँगनेट जितका वेळ उकळेल तितका सेंद्रिय पदार्थ फोडत राहते. आज अर्धा तास उकळले आणि उद्या घाईत वीस मिनिटांत उतरवले, तर एकाच मातीचे दोन आकडे येतील. यासाठी मातीविना नुसती द्रावणे उकळून एक ‘कोरा’ नमुना रोज करायचा असतो आणि त्याचा आकडा वजा करायचा असतो. हा कोरा नमुना जिथे रोज होत नाही, तिथल्या अहवालावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ही पद्धत नायट्रेटच्या रूपातले नत्र मोजतच नाही. आपण युरिया टाकतो, त्याचा आधी अमोनियम होतो आणि आपल्या उष्ण हवेत, जमिनीत ओल असली की दोन-तीन आठवड्यांत त्यातला बराचसा नायट्रेट होतो. पिकाची मुळे मुख्यतः तेच उचलतात. पण परमँगनेटच्या चंबूत ते दिसत नाही. म्हणून दहा बॅगा टाकणाऱ्याच्याही कागदावर ‘कमी’ येते! नायट्रेट मोजायचे असेल तर माती पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात हलवून, गाळून, त्यात डेव्हार्डाची मिश्रधातू टाकावी लागते. ती नायट्रेटचा अमोनिया करते आणि मग तो नेहमीच्या रीतीने मोजता येतो. काम अवघड नाही, फक्त कोणी करत नाही.

नायट्रेटचा विषय निघालाच आहे तर विहिरीच्या पाण्याचेही सांगतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही मर्यादा आहे. तेवढे नायट्रेट असलेल्या विहिरीचे पाणी वर्षभरात १०० सेंटिमीटर उसाला दिले तर त्यातूनच हेक्टरी सुमारे १०० किलो नत्र वावरात येते, म्हणजे एकरी जवळजवळ दोन बॅगा युरिया. पाण्याचा नमुना तपासायला देताना नायट्रेट आवर्जून मागा. हे माती परीक्षणाच्या कागदावर कुठेही येत नाही.

आता हे सगळे कशासाठी? युरिया स्वस्त आहे, चार किलो जास्त पडला तर काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते. जास्तीचे नत्र, त्यातही उशिरा दिलेले, उसाला हिरवागार ठेवते, पण पक्व होऊ देत नाही. ऊस लोळतो, उशिरा फुटवे येतात, किडी वाढतात, रसात साखर कमी आणि न जमणारी साखर जास्त. वावरात मोळी जड भरते म्हणून मालक खूश असतो, पण कारखान्यात उतारा घसरतो. आणि उतारा हा कुणा एकाचा नसतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला, आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. तो उतारा सगळ्या कारखान्याचा धरला जातो. ज्याने मोजून खत दिले त्याच्याही बिलात न मोजणाऱ्याची घट शिरते. उलट बाजूही आहे. ज्याला खरोखर नत्र कमी आहे आणि कागदाने ‘मध्यम’ सांगितले, त्याचा ऊस फुटवे धरत नाही, पिवळट राहतो, आणि त्याचे टनेज कायमचे जाते.

मृद आरोग्य पत्रिकेविषयी दोन शब्द. ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये राजस्थानातल्या सूरतगढ येथे सुरू झाली. हेतू उत्तम आणि त्यामुळे माती परीक्षण हा शब्द गावोगाव पोचला. पण सुरुवातीच्या फेऱ्यांत बागायतीत अडीच हेक्टरला आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना अशी जाळी धरली होती. आपल्या तालुक्यात बहुतेक शिवार कोरडवाहू. म्हणजे तुमच्या नावाच्या पत्रिकेतली माती धुऱ्यापलीकडच्या वावरातलीही असू शकते. शिवाय कित्येक ठिकाणी नत्र प्रत्यक्ष मोजतच नाहीत, सेंद्रिय कर्बावरून अंदाज बांधतात. कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आत तर नत्र कमी, पाऊण टक्क्याच्या वर तर जास्त. अंदाज म्हणून वाईट नाही. माझे काही सहकारी तर म्हणतात की नत्राची चाचणी हवीच कशाला, कर्ब पुरे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे एवढेच, की परमँगनेटचा आकडा हा बँकेतली शिल्लक नव्हे. २५० किलो आले म्हणजे २५० किलो काढून घेता येतील असे नाही, तो एक निर्देशांक आहे. पण अपेक्षित उत्पादनाच्या समीकरणावरून खत ठरवायचे झाले की हाच आकडा थेट वजाबाकीत जातो. तिथे चूक असेल तर ती गुणून आपल्या वावरात येते. म्हणून मोजायचेच असेल तर नीट मोजा, नाहीतर ‘अंदाज’ असे अहवालावर स्पष्ट लिहा. अंदाजाला आकड्याचे कपडे घालू नका, एवढेच माझे म्हणणे.

काय मोजतो हे विसरले की काय होते, याचे जगातले उदाहरण २००८ साली चीनमध्ये घडले. तिथे दुधातले प्रथिन केल्डालच्याच पद्धतीने, नत्रावरून ठरत असे. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन नावाचे नत्रयुक्त रसायन मिसळले की आकडा भरत होता! सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, सहा दगावली. चंबूला नत्र कळते, ते कुठून आले हे कळत नाही. आपल्याकडची साधी आवृत्ती म्हणजे युरियाच्या रिकाम्या गोणीत भरून आणलेली माती. तिच्या अहवालात नत्र भरपूर, आणि वावरात नाही.

आता माझी मागणी. आपल्या कारखान्याला स्वतःची रसायनशाळा आहे. तिथले केमिस्ट हंगामात रोज शेकडो वेळा ब्रिक्स आणि पोल काढतात. ब्युरेट, तराजू, प्रमाणित द्रावणे हे त्यांच्या हातातले काम. हंगाम संपला की ती शाळा पावसाळ्यापर्यंत जवळजवळ मोकळी असते, आणि ऊस तुटल्यावर माती घेण्याचा काळ नेमका तोच. नत्र काढण्याचा एक ऊर्ध्वपातन संच घेऊन हे काम तिथे का करू नये? कोणी म्हणतात, आता नवीन स्वयंचलित यंत्रे आली आहेत, तीच घ्या. घ्यावीत, माझा विरोध नाही. पण यंत्र हा मोठा काटाच. तपासला नाही तर तोही चुकतो, आणि तो छापील आकडा देतो म्हणून त्याच्यावर विश्वास जास्त बसतो. आधी तपासणीची शिस्त, मग यंत्र.

ती शिस्त अशी. शुद्ध अमोनियम सल्फेट मोजून चंबूत टाकायचे. जितके नत्र टाकले तितके आम्लात परत आले पाहिजे. नाही आले तर कुठेतरी गळती आहे. हे आपल्या काट्यावरचे प्रमाणित वजन समजा. त्याशिवाय आपल्याच तालुक्यातली दोन पोती काळी माती वाळवून, कुटून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढून, एकजीव करून बंद डब्यांत ठेवायची, आणि प्रत्येक दहा नमुन्यांमागे तीच माती एकदा मोजायची. तिचा आकडा रोज भिंतीवरच्या आलेखावर टिंब म्हणून मांडायचा. टिंब रेषेबाहेर गेले की त्या दिवसाचे नमुने परत करायचे, अहवाल द्यायचा नाही. याला खर्च नाही, पण मानभंग सोसण्याची तयारी लागते. आपलेच काल केलेले काम आज रद्द करायला माणूस सहज तयार होत नाही. म्हणून हा आलेख केमिस्टच्या खोलीत न ठेवता गट कार्यालयात, सभासदांना दिसेल असा लावावा, असे माझे मत आहे.

आणि बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुने पाठवणे चालू राहिले, तरी प्रत्येक खेपेत दोन-चार पिशव्या अशा घालाव्यात की माती तीच, नंबर वेगळे. दोन्हींचा आकडा जवळपास आला तर प्रयोगशाळा चांगली. हा अविश्वास नव्हे. जगभरच्या माती प्रयोगशाळा हेच करतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ साली प्रयोगशाळांचे जागतिक जाळे उभे केले, ते एकाच मातीचे आकडे देशोदेशी वेगळे येतात म्हणूनच. अहवालावर पद्धतीचे नाव, मातीचे वजन आणि नमुना तपासल्याची तारीख छापा, एवढी मागणी तर उद्यापासून करता येईल. नत्राच्या आकड्याशेजारी ‘अधिक-उणे’ किती तेही लिहावे. २६३ अधिक-उणे ४० असे दिसले की ‘कमी’ आणि ‘मध्यम’ यांमधली रेघ किती पुसट आहे हे सभासदाला आपोआप कळेल, आणि तो बॅग फोडण्याआधी उसाच्या पानाकडेही बघेल.

एका बैठकीत एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “थेंब मोजत काय बसता साहेब, पानी अन् टायमावर तोड, एवढं पाहा.” पाणी आणि तोड यांबद्दल मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. ते आधी हवेच. पण त्यांच्याच काट्यावर गाडीमागे वीस किलोचा फरक निघाला होता तेव्हा त्यांनी दोन दिवस कचेरी डोक्यावर घेतली होती, हेही मला आठवते. एकरी ५४ किलो युरियाचा फरक त्यापेक्षा लहान नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ऊर्ध्वपातन संचाचा आणि तपासणीच्या आलेखाचा ठराव यावा, अशी विनंती मी शेतकी समितीकडे लेखी केली आहे. सभासदांनी त्यावर जरूर बोलावे, विरोधातही बोलावे.

तोवर आपल्या हातातले एवढे करावे. ज्या वावरात खोडवा ठेवायचा नाही तिथली माती ऊस तुटल्याबरोबर, नवे खत टाकण्यापूर्वी घ्यावी. पंधरा-वीस ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून फूटभर खोलीपर्यंतच्या कडेची माती काढावी. धुरा, पाटाची कड, झाडाखालची जागा आणि जिथे शेणखताचा ढीग होता ती जागा सोडावी. सगळी एकत्र करून चार वाटे पाडत, समोरासमोरचे दोन टाकत, अर्धा किलो उरवावी. ओली असेल तर सावलीत पसरून वाळवावी. ओली माती पिशवीत बांधून आठ दिवस ठेवली तर त्यातले जंतू नत्राचा हिशोब बदलून टाकतात, मग प्रयोगशाळेला दोष देऊन उपयोग नाही. चिठ्ठीवर गट नंबर, मागचे पीक, टाकलेल्या बॅगा आणि पाणी विहिरीचे की कालव्याचे ते लिहावे. कापडी पिशव्या गट कार्यालयात आणि चिटबॉयकडे ठेवल्या आहेत, त्या घेऊन जाव्यात. युरियाची गोणी कृपया आणू नये.

— ऊस विकास अधिकारी